अटलांटिकच्या तळाशी गेलेली लाइन चालू आहे की बंद, हे केल्विन एका इवल्याशा आरशावरून ओळखायचे

वायफाय गेलं की आपण राउटर बंद-चालू करतो. तरीही नाही आलं तर केबलवाल्याला फोन. पण समजा, तुमची वायर समुद्राच्या तळाशी तीन हजार किलोमीटरहून जास्त लांब पसरलीय आणि मध्येच कुठंतरी बिघडलीय. मग?

विल्यम थॉमसन यांच्यासमोर नेमका हाच प्रश्न होता. शाळेत तापमान ज्या केल्विनमध्ये मोजलं, ते लॉर्ड केल्विन म्हणजे हेच.

१८२४ साली बेलफास्टमध्ये जन्म. वडील गणिताचे प्राध्यापक. पोरगा दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला आणि बाविसाव्या वर्षी तिथंच प्राध्यापक. ती खुर्ची त्यांनी पुढं ५३ वर्षं सोडली नाही.

तर झालं असं की, आयर्लंडहून न्यूफाउंडलंडपर्यंत तारेची केबल टाकायचं ठरलं. कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे सर्जन. त्यांचं म्हणणं, जोरात करंट सोडा. थॉमसन म्हणायचे, इतक्या लांब केबलमध्ये सिग्नल पसरट होतो. तांबं जाड आणि शुद्ध घ्या, करंट कमीच ठेवा आणि पलीकडे तो टिपणारं यंत्र नाजूक बसवा.

असं यंत्र त्यांनी स्वतःच बनवलं, मिरर गॅल्व्हानोमीटर. रेशमाच्या धाग्याला टांगलेला छोटासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले चुंबकाचे तुकडे आणि भोवती तारेचं वेटोळं. जरासा करंट आला की आरसा वळायचा आणि त्यावरून परतलेला दिव्याचा ठिपका लांबच्या पट्टीवर सरकायचा. केबल टाकताना जहाजावर थॉमसन याच ठिपक्याकडे डोळे लावून बसलेले असायचे. ठिपका हलतोय म्हणजे लाइन जिवंत.

५ ऑगस्ट १८५८ ला केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पोचायला १६ तास लागले! व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्ट सोडले आणि काही आठवड्यांत केबल मेली. त्यांची नोकरी गेली. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं बरोबर नाही, केबल मुळातच कच्ची होती.

मेलेली केबल कुठं बिघडली हे काठावरूनच शोधायची पद्धतही याच काळात तयार होत गेली. एका मैलाच्या तारेचा रेझिस्टन्स माहीत असला, तर एका टोकाला मोजलेल्या आकड्यावरून बिघाड किती मैलांवर आहे याचा अंदाज येतो. आज फायबरमध्ये प्रकाशाचा झोत सोडून तो किती वेळात परततो ते बघतात. तत्त्व वेगळं, पण काम तेच.

१८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजावर टेस्टमध्ये लाइन गडबडली. केबल मागं ओढून बघितली, तर आवरणात तारेचा छोटा तुकडा घुसलेला! पुढं ती केबल तुटलीच. १८६६ मध्ये मात्र नवी केबल पोचली, आदल्या वर्षीची समुद्रातून उचलून तीही पुरी केली आणि थॉमसन ‘सर’ झाले.

याच ग्रेट ईस्टर्ननं १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली. थॉमसन १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन झाले आणि १९०७ साली गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेत न्यूटनच्या शेजारी त्यांना पुरलंय.