केरी साहेबांचा दिवस

कामामुळे प्रार्थनेस वेळ सापडत नाही, असे आम्ही पुष्कळदा म्हणतो. विल्यम केरी साहेब पूर्वी इंग्लंडात जोडे शिवीत. १७९३ साली ते बंगाल्यात आले. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते शिकवीत. १८०५ साली त्यांनी मराठी व्याकरणही छापिले.

१८०६ सालच्या एका दिवसाची हकीकत त्यांनी पत्रात लिहिली आहे. पावणेसहास उठून इब्री शास्त्राचा अध्याय, सातपर्यंत एकांती प्रार्थना, मग चाकरांसह बंगालीत उपासना. त्यानंतर मुनशी, कॉलेज, भाषांतर, संध्याकाळी उपदेश. आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचे वाचन. देवाची वेळ आधी राखून मग त्यांनी कामास हात घातला.

आम्हीही बैल जुंपण्यापूर्वी घटकाभर देवापाशी बसावे. ज्यास वाचता येत नाही, त्याने पाठ असलेले एखादे वचन मनात घोळवावे.