दहा जणांचा कर्णधार

उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील हडर्सफील्ड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे शहर. येथील रग्बी क्लबची स्थापना १८६४ ची. उत्तरेकडील क्लबांमधून खेळणाऱ्यांत गिरणीकामगार आणि खाणकामगार मोठ्या संख्येने असत. शनिवारी सामना खेळायचा तर कामाचे तास बुडत आणि त्यासोबत मजुरीही बुडे. ही मजुरी भरून देण्याची परवानगी क्लबांनी मागितली. पण खेळासाठी पैसा घेणे सभ्य गृहस्थाला शोभत नाही, असे रग्बीच्या लंडनस्थित संघटनेचे मत होते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. ‘नॉर्दर्न युनियन’ नावाची ही संघटनाच पुढे ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखली गेली. १९०६ मध्ये तिने संघातील खेळाडूंची संख्या १५ वरून १३ वर आणली आणि खेळ अधिक वेगवान झाला. त्याच वर्षी हडर्सफील्डच्या संघात एक पोरसवदा खेळाडू दाखल झाला. त्याचे नाव हॅरॉल्ड वॅगस्टाफ.

वॅगस्टाफचा जन्म १९ मे १८९१ रोजी हडर्सफील्डजवळच्या होमफर्थ या लहानशा गावी झाला. गावातल्या अंडरबँक संघाकडून खेळणाऱ्या या मुलाला हडर्सफील्डने सोन्याची पाच नाणी देऊन करारबद्ध केले. नोव्हेंबर १९०६ मध्ये ब्रॅम्लीविरुद्ध तो पहिला सामना खेळला, तेव्हा त्याचे वय १५ वर्षे आणि काही महिने होते. सतराव्या वर्षी तो यॉर्कशायरच्या आणि पाठोपाठ इंग्लंडच्या संघात पोहोचला. विशी गाठण्याच्या सुमारास क्लबचे कर्णधारपदही त्याच्याकडे आले.

तो ‘सेंटर’ या जागी, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळे. चेंडू स्वतःकडे कधी ठेवायचा आणि कोणत्या क्षणी सोडायचा, याची त्याची जाण विलक्षण होती. अंगबळावर धडका देण्यापेक्षा चेंडू हातोहात फिरवून प्रतिस्पर्ध्याची फळी फोडावी, ही हडर्सफील्डची पद्धत त्याच्या नेतृत्वाखाली पूर्णत्वास गेली. कडेला ऑस्ट्रेलियाहून आलेला अल्बर्ट रोझेनफेल्ड होता. १९१३-१४ च्या हंगामात त्याने ८० ट्राय नोंदवले. हा विक्रम आजही अबाधित आहे. पुढच्या फळीत कंबरलँडचा धिप्पाड डग्लस क्लार्क आणि वेल्सचा बेन ग्रोनो होते. दूरदूरच्या या गुणवंतांची मोट बांधण्याचे काम होमफर्थच्या तरुणाने केले.

१९१४ मध्ये ब्रिटिश संघाचा कर्णधार म्हणून तो ऑस्ट्रेलियाला गेला. पहिली कसोटी २७ जून रोजी पाहुण्यांनी जिंकली, तर दुसरी २९ जून रोजी यजमानांनी. तिसरी कसोटी पुढे मेलबर्नमध्ये होईल, अशी पाहुण्यांची समजूत होती. ऑस्ट्रेलियन संघटनेने मात्र ती ४ जुलै रोजी सिडनीतच ठेवली. आठ दिवसांत तीन कसोट्या खेळण्याची पाळी आली. अनेक खेळाडू जायबंदी असल्याने दौऱ्याच्या व्यवस्थापकांनी हरकत घेतली. पण मायदेशातील वरिष्ठांनी खेळण्याचाच आदेश धाडला.

त्या काळी जखमी खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवता येत नसे. सामना सुरू होताच फ्रँक विल्यम्सचा पाय दुखावला. क्लार्कच्या अंगठ्याचे हाड मोडले. तरीही तो खेळत राहिला आणि पुढे गळपट्टीचे हाड मोडल्यावर त्याला मैदान सोडावे लागले. उत्तरार्धात बिली हॉल डोक्याला मार लागून बाहेर गेला. तेरा जणांविरुद्ध दहाच उरले. वॅगस्टाफने माणसे पुन्हा पुन्हा हलवून बचावाची भिंत उभी ठेवली. एका क्षणी त्याने स्वतः फळी फोडून चेंडू जॉन्सनकडे दिला. मूळचा पुढच्या फळीतला हा खेळाडू त्या दिवशी नाइलाजाने कडेला खेळत होता. त्याने पायानेच चेंडू ढकलत नेऊन ट्राय साधला. ब्रिटनने सामना १४-६ असा जिंकला आणि मालिकाही खिशात घातली. १८७९ च्या झुलू युद्धात मूठभर ब्रिटिश सैनिकांनी लढवलेल्या ठाण्यावरून या सामन्याला ‘रॉर्क्स ड्रिफ्ट कसोटी’ असे नाव पडले.

बरोबर एका महिन्याने ब्रिटन महायुद्धात उतरला. १९१४-१५ च्या हंगामात हडर्सफील्डने चारही प्रमुख करंडक जिंकले. चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सचा ३७-३ असा, तर अजिंक्यपदाच्या लढतीत लीड्सचा ३५-२ असा धुव्वा उडाला. असे यश त्याआधी केवळ हन्सलेटला आणि त्यानंतर केवळ स्विंटनला लाभले. पण त्यापाठोपाठ अधिकृत स्पर्धा थांबल्या. संघातील फ्रेड लाँगस्टाफ १९१६ मध्ये रणांगणावर मारला गेला. क्लार्कला विषारी वायूची बाधा झाली. शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळाले. वॅगस्टाफ लष्कराच्या वाहतूक दलात दाखल झाला. एरवी पैसे घेणाऱ्या खेळाडूंना वाळीत टाकणाऱ्या जुन्या संघटनेने सैनिकांपुरती ती बंदी शिथिल केली होती. त्यामुळे लंडनजवळच्या ग्रोव्ह पार्क येथील लष्करी संघातून तो पंधरा जणांची रग्बीही खेळला. युद्ध संपल्यावर बंदी पुन्हा लागू झाली.

स्पर्धा पूर्ववत सुरू झाल्या तेव्हा वॅगस्टाफ २८ वर्षांचा होता. खेळाडूच्या उमेदीची ऐन वर्षे युद्धाने गिळली होती. तरीही १९१९-२० मध्ये हडर्सफील्डने तीन करंडक जिंकले. चौथ्यासाठीचा अंतिम सामना आला तेव्हा वॅगस्टाफसह क्लबचे पाच खेळाडू ब्रिटिश संघाबरोबर ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होते. त्यांच्याविना उतरलेला संघ हलकडून २-३ असा, अवघ्या एका गुणाने हरला. त्या दौऱ्यात मालिकाही गमवावी लागली. १९२१-२२ मध्ये मायदेशी मात्र ब्रिटनने ती २-१ अशी परत मिळवली.

१९२५ मध्ये तो निवृत्त झाला. क्लबसाठी चारशेहून अधिक सामने खेळलेल्या या खेळाडूने पुढे हडर्सफील्डमध्ये पब चालवला. १९ जुलै १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. होमफर्थच्या मातीतच त्याला चिरविश्रांती मिळाली. १९८८ मध्ये रग्बी लीगच्या मानवंदना दालनाची सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या नऊ जणांत त्याचे आणि रोझेनफेल्डचे नाव होते.

बुडालेल्या मजुरीच्या ज्या मागणीवरून जॉर्ज हॉटेलमध्ये फूट पडली, तिचा न्याय पंधरा जणांच्या रग्बीला उमगण्यास शंभर वर्षे लागली. ऑगस्ट १९९५ मध्ये त्या खेळानेही खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास मान्यता दिली. तोपर्यंत वॅगस्टाफच्या निधनाला ५६ वर्षे उलटली होती.