सरवा वेचणाऱ्या स्त्रियांचा चित्रकार

रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेचावयास गेली, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील मुलांसहि पाठ आहे. परंतु सरवा वेचणाऱ्या गरिबांस जगापुढें आणणारा फ्रेंच चित्रकार झां फ्रांस्वा मिले पुष्कळांस ठाऊक नसेल.

नॉर्मंडी प्रांतांतील ग्रूशी नांवाच्या खेड्यांत ता. ४ आक्टोबर १८१४ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं तो जन्मला. घराणें रोमन मताचें. आजी मोठी देवभीरु. तरुणपणीं त्यानें स्वतः शेतांत राबून पाहिलें. १८३७ सालीं चित्रकला शिकण्याकरितां तो पॅरिसला गेला. तेथें १८४४ सालीं त्याची पहिली बायको क्षयानें वारली. १८४९ सालीं दुसऱ्या संसारासह तो बार्बिझों ह्या खेड्यांत येऊन राहिला.

दारिद्र्यानें तेथेंहि पाठ सोडिली नाहीं. १८५१ सालीं आजी गेली, १८५३ सालीं आई गेली. आई त्याची वाट पाहत होती. पण वाटखर्चास पैसा नसल्यामुळें त्याला तिचें मुख पाहावयास मिळालें नाहीं. त्याच वर्षीं, रूथ व बवाज मनांत धरून काढिलेल्या त्याच्या कापणीच्या चित्रास पॅरिसच्या प्रदर्शनांत पदक मिळालें.

पुढें १८५५-५६ च्या सुमारास त्यानें सरवा वेचणाऱ्या स्त्रिया तांब्याच्या पत्र्यावर कोरिल्या. पत्र्यास मेणासारखा लेप देऊन त्यावर सुईनें रेघा ओढितात; मग उघडें पडलेलें तांबें तेजाब खातें, व त्या खांचांत शाई भरून कागद दाबिला म्हणजे ठसा उठतो. हा ठसा वीतभराहून फारसा मोठा नाहीं. त्यांत दोघी कमरेंत वांकून कणसें वेचीत आहेत, तिसरी अर्धवट ओणवी आहे. पाठीमागें गंज्या आहेत, पण त्या दुसऱ्याच्या! कापणीनंतर राहिलेलीं कणसें वेचण्याचा हक्क फ्रान्समध्यें गरिबांस होता, जसा तो लेवीयांच्या पुस्तकांत आहे. दिवसभर सरवा वेचलेल्या बाईची कंबर कशी होते, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

१८५७ सालीं हेंच दृश्य मोठ्या रंगीत चित्रांत प्रदर्शनास आलें, तेव्हां टीकाकार खवळले. १८४८ ची राज्यक्रांति ताजी होती. ह्या तीन बायांमागें एकास बंडखोरांचे भालेहि दिसले. माझ्या मतें त्यांस भय वाटलें तें चित्राचें नव्हे, आपल्याच कोठारांचें. तें चित्र तीन हजार फ्रँकांस गेलें.

मिले ता. २० जानेवारी १८७५ रोजीं वारला. कोरो नांवाच्या वृद्ध चित्रकारानें, स्वतः मरणास टेकला असतां, त्याच्या विधवेस दहा हजार फ्रँक दिले. १८८९ सालीं तेंच रंगीत चित्र तीन लक्ष फ्रँकांस विकलें गेलें; तेव्हां ती विधवा जिवंत होती. अशा विक्रींत चित्रकाराच्या कुटुंबास वांटा देणारा कायदा फ्रान्समध्यें १९२० सालीं झाला.