ती नक्की कुणाकडे बघतेय?

आचोळे रोडवरच्या एखाद्या किराणा दुकानात शिरा. गल्ल्याच्या वर, उदबत्तीच्या धुराने जरा काळवंडलेली, कमळात उभी असलेली लक्ष्मी हमखास दिसेल. तिच्याकडे बघत दोन पावलं डावीकडे सरका, मग उजवीकडे. ती तुमच्याकडेच बघत राहते ना? लहानपणी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तुम्हीही थोडे टरकला असाल. लक्ष्मीचं हे रूप घराघरांत नेणारा माणूस म्हणजे राजा रविवर्मा.

जन्म २९ एप्रिल १८४८, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. हा मुलगा कोळशाने भिंती रंगवायचा. घरच्यांनी ओरडायचं, पण चित्रकार मामाने त्यातली गंमत ओळखली आणि चौदाव्या वर्षी त्याला तिरुवनंतपुरमच्या दरबारात नेलं. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवीनच होते, शिकवणार कोण? १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. शिकवायला तो तयार नव्हता, फक्त काम करताना बघू देत असे. म्हणजे आवाज बंद केलेला ट्युटोरियल व्हिडीओ, तोही पॉज आणि रिवाइंडशिवाय! रविवर्मा बघत बसला आणि बघून शिकला. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राला बक्षीस मिळालं.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याच्याकडून पौराणिक चित्रं करून घेतली. त्यासाठी धाकट्या भावाला घेऊन तो देशभर हिंडला, माणसं आणि कपडे न्याहाळले. त्याच्या कितीतरी नायिका आपल्या नऊवारीत दिसतात, ते उगाच नाही.

त्याची शकुंतला आठवा. पायातला काटा काढायचं निमित्त करून ती मागे वळून बघतेय. दुष्यंत चित्रात कुठेच नाही, तरी तो कुठे उभा असेल ते आपल्याला कळतं. नुसत्या नजरेवरून!

हे कळतं कसं? नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये शेजारचा तुमच्या मोबाइलमध्ये डोकावला की लगेच समजतं, त्याचंच उत्तर इथे आहे. माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवती पांढरा भाग ठळक दिसतो. बुबुळ कुठल्या बाजूला सरकलंय यावरून आपण नजरेची दिशा ओळखतो. पण तेवढंच पुरत नाही. विल्यम वोलास्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये एक मस्त गोष्ट दाखवली. चित्रातले डोळे तेच ठेवायचे, फक्त खालचं नाक आणि चेहरा दुसऱ्या बाजूला वळलेला काढायचा. नजरही वळल्यासारखी वाटते! म्हणजे आपण डोळे आणि चेहरा यांचा मिळून हिशेब करतो.

आता लक्ष्मीचं कोडं सुटतं. जिवंत माणसाच्या बाजूला गेलात तर त्याची दुसरी बाजू दिसते. कागद सपाट, त्याला दुसरी बाजूच नाही. तुम्ही सरकलात की अख्खं चित्र थोडं अरुंद दिसतं, पण बुबुळ डोळ्याच्या मधोमधच राहतं. म्हणून समोर बघणारी लक्ष्मी खोलीतल्या दहाही जणांकडे एकाच वेळी बघते. आणि शकुंतला? कुठेही उभे राहा, ती तुमच्याकडे कधीच बघणार नाही.

याचं मोल त्या काळात मोठं होतं. दर्शन म्हणजे आपण देवाला बघणं आणि देवाने आपल्याला बघणं. पण देवळाची पायरी चढायचीही कितीतरी जणांना बंदी होती. रविवर्माने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले. मूळ तैलचित्रं राजवाड्यांत राहिली, पण छापील देव साध्या घरात, अगदी देऊळबंदी असलेल्यांच्याही भिंतीवर आले. तिथून ते समोरच्याकडे बघताना जात विचारत नव्हते.

धंदा मात्र जमला नाही. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, कर्ज वाढतच गेलं आणि शेवटी तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ मध्ये प्रत्येक कामात सोबत असलेला भाऊ गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, ५८व्या वर्षी, रविवर्माही गेला. पुढे जाणकारांनी त्याच्या चित्रांना कॅलेंडरछाप म्हणून नाकं मुरडली.

मुरडू देत. आज संध्याकाळी दूध आणायला दुकानात जाल, तेव्हा गल्ल्यावर एक नजर टाका. तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या काकूंनाही विचारा, ती कुणाकडे बघतेय? त्या म्हणतील, माझ्याकडे. आणि त्यांचंही बरोबरच असेल.