पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) अनाथसेवेचे मूळ त्यांच्या स्वतःच्या अनाथपणात होते. दक्षिणेत पुराणकथनासाठी भटकणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या संस्कृतज्ञ कन्येचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळात गेले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. सदन पुण्यास आल्यावर मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात, या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी मिशनरी स्त्रिया तेथे सेवेस आल्या. सूत्रे मात्र एका भारतीय स्त्रीच्याच हाती राहिली. अन्न आणि धर्म एकाच हातून दिला जातो, हा आक्षेप त्यांच्या हयातीत मिटला नाही. परंतु मुलींना त्यांनी केवळ अन्न दिले नाही. अक्षर आणि हातास उद्योगही दिला. मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी मराठीत आणलेले बायबल केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांच्याच श्रमाने छापले गेले.