रुग्णांचे सेवक संत कमिलस

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कमिलस द लेलिस यांचा सण साजरा करते. इस्पितळे, रुग्ण व परिचारिका यांचे आश्रयदाते म्हणून ते परिचित आहेत. परंतु रुग्णसेवा म्हणजे नेमके काय, ह्या प्रश्नाचा त्यांनी केलेला विचार आपल्या प्रवचनांतून क्वचितच ऐकू येतो.

२५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको येथे त्यांचा जन्म झाला. वडील सैनिक होते, आणि पुत्रानेही तीच वाट धरली. तलवारीबरोबर जुगाराचेही व्यसन जडले. पायाला झालेली जखम मरेपर्यंत बरी झाली नाही. तिच्या उपचारासाठी १५७१ मध्ये ते रोममधील असाध्य रोग्यांच्या सान जाकोमो इस्पितळात आले, तेथेच सेवकाचे काम करू लागले आणि पत्त्यांच्या नादापायी हाकलले गेले. पुढे जुगारात सर्वस्व हरल्यावर मानफ्रेदोनिया येथे कपुचिन मठाच्या बांधकामावर ते मजुरी करू लागले. २ फेब्रुवारी १५७५ रोजी त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. कपुचिन होण्याची त्यांची इच्छा मात्र त्या जखमेमुळे अपुरी राहिली, आणि ते पुन्हा सान जाकोमोत परतले. देवाची योजना ती हीच, असे आपण आज म्हणतो. त्यांना तेव्हा तो नकारच वाटला असणार.

ह्या खेपेस ते इस्पितळाचे व्यवस्थापक झाले. पगारी नोकर रुग्णांना उपाशी ठेवत, अस्वच्छतेत पडू देत; मरणासन्न माणसाच्या उशाशी कोणी बसत नसे. कडक नियम व देखरेख हे उपाय कमिलस यांच्या हाती होतेच. पण आई आजारी लेकराजवळ रात्रभर जागते ती कोणत्या नियमाने? १५८२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मनात विचार आला की, वेतनासाठी नव्हे तर केवळ देवाच्या प्रीतीसाठी सेवा करणाऱ्यांचा एक संघ असावा. इस्पितळाच्या विश्वस्तांना संशय आला व त्यांनी संघाची प्रार्थनेची खोली मोडून टाकली. कमिलस यांनी इस्पितळ सोडू नये, असे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक संत फिलिप नेरी यांचेही मत होते. संतांमध्येही मतभेद होतात!

१५८४ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी संघास मान्यता दिली व झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची परवानगी दिली. १५९१ मध्ये संघाला व्रतस्थ संस्थेचा दर्जा मिळाला. त्यांचे चौथे व्रत होते, जिवावर बेतले तरी रुग्णांची, प्लेगग्रस्तांचीसुद्धा, सेवा करण्याचे. ह्या व्रतापायी अनेक बंधूंनी प्राण दिले.

खरा वाद मात्र संस्थेच्या आतच उद्भवला. मिलान येथील मोठ्या इस्पितळात भरवणे, अंग पुसणे, बिछाने बदलणे ही सर्व कामे कमिलस यांनी स्वीकारली. कित्येक सहकाऱ्यांना हे पटेना. धर्मगुरूने आत्म्याची काळजी वाहावी, शरीराची कामे नोकरांवर सोपवावीत, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय इतक्या श्रमाने बंधू खचून जातील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण कमिलस यांच्या लेखी माणसाचे असे दोन भाग पडत नव्हते. रुग्णाच्या ठायी साक्षात प्रभू येशू आहे, हे खरे मानले तर त्याचे मलमूत्र काढणे हीदेखील उपासनाच ठरते. ज्या हातांनी ख्रिस्तशरीर उंचावायचे, त्याच हातांनी हे काम करण्यात त्यांना कोणताही कमीपणा वाटत नव्हता. १६०० साली पोप क्लेमेंट आठवे यांच्या फर्मानाने आत्मिक व शारीरिक अशा दोन्ही सेवांना मान्यता मिळाली.

त्यांचा विचार अगदी बारीकसारीक गोष्टींतही उतरला होता. मृत्यू झाल्यासारखे दिसताच तोंड झाकू नये, काही काळ प्रार्थना चालू ठेवावी, अशी त्यांची सूचना होती. कारण जिवंत माणसे मृत समजून उचलली जात असत. १५९८ च्या नाताळात तायबर नदीला महापूर आला, तेव्हा सांतो स्पिरितो इस्पितळातील रुग्णांना त्यांनी सहकाऱ्यांसह रात्रभर खपून वरच्या मजल्यावर हलवले.

१६०७ मध्ये त्यांनी संस्थेचे प्रमुखपद सोडले. पायाची जखम, मूतखडा व इतर व्याधींनी शरीर पोखरले होते, तरीही खाटांचा आधार घेत ते एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांनी देह ठेवला. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४६ मध्ये त्यांना संतपद बहाल केले.