पोरक्या मुलांचा पिता : संत जॉन बॉस्को

३१ जानेवारी रोजी आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. युवकांचा पिता व गुरू म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. परंतु हे पितृत्व ज्या बालपणातून घडले, त्याचा विचार आपण क्वचितच करतो.

आजच्या इटलीतील बेक्की या वाडीत १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच वडील न्यूमोनियाने वारले. आई मार्गारेट निरक्षर होती. तिने शेतात राबून मुलांना वाढविले व प्रार्थना शिकविल्या. जॉनने शिकावे हे सावत्र थोरल्या भावाला मान्य नव्हते. घरातील कलह विकोपाला गेला, तेव्हा आईने जड अंतःकरणाने लहानग्या जॉनला दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस पाठविले. पुढे फादर कालोसो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला मायेने शिकविले. पण १८३० मध्ये तेही देवाघरी गेले. पित्याचे छत्र दुसऱ्यांदा हरपले.

अशा बालपणाने एखादा माणूस कठोर झाला असता. जॉन मात्र १८४१ मध्ये धर्मगुरू झाले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला ट्युरीन शहरात त्यांना बार्थोलोम्यू गारेली हा अनाथ मुलगा भेटला. मिस्सासेवा येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने त्याला मारून हाकलले होते. फादर जॉननी त्याला परत बोलाविले, त्याची आपुलकीने विचारपूस केली आणि धर्मशिक्षण देण्यास आरंभ केला. त्या पोरात त्यांना स्वतःचेच बालपण दिसले असावे, असे आम्हांस वाटते.

१८४६ मध्ये आई त्यांच्या मदतीला आली. मुलांच्या पोटासाठी तिने आपल्या लग्नातील चीजवस्तू विकल्या व १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्या सर्वांची आई झाली. मुले कामाला लागत, तेव्हा फादर जॉन मालकाशी लेखी करार करीत. १८५२ च्या अशा एका करारात मुलाला केवळ शब्दांनी समज देण्याची अट आहे. स्वतः चाकरी केलेल्या शिक्षकालाच ती सुचावी!

विवेक, धर्म आणि प्रेम यांवर त्यांनी आपली शिक्षणपद्धती उभारली. १९३४ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले.

आपल्यापैकी अनेक शिक्षक व पालक बालपणीच्या जखमा मनात बाळगून मुलांसमोर उभे राहतात. त्या जखमांतून मुलांना छडी मिळावी की माया, हे आपल्या हाती आहे. संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने आपणांस मायेचा मार्ग लाभो, हीच प्रार्थना.